अर्धा गुण आणि अवरक्त किरण

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर वीसेक मिनिटं बोल." मी म्हटलं, त्या विषयावर बोलणारे आपल्या बॅचमध्ये निदान आठ जण निघतील. मला एका अर्ध्या गुणाबद्दल बोलू द्या. हा अर्धा गुण दहावीत माझ्या प्रयोगवहीत कापला गेला होता. ज्यांनी कापला ते आपले विज्ञानाचे सर आज पहिल्याच रांगेत बसले आहेत. सर, ही तक्रार नाही. एक जुना हिशेब आहे, तो सगळ्यांसमोर पूर्ण करायचा आहे.

प्रयोग साधा होता. परीक्षानळीत ॲसिटिक आम्ल घ्यायचं, त्यात खाण्याचा सोडा टाकायचा आणि निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडायचा. प्रयोगवहीत तीन रकाने असायचे, आठवतात ना? कृती, निरीक्षण, अनुमान. मी निरीक्षणाच्या रकान्यात झोकात लिहिलं, "कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो." सरांनी त्याखाली लाल रेघ मारली, समासात "हे दिसलं का?" असं लिहिलं आणि अर्धा गुण कापला.

मी वही घेऊन भांडायला गेले. वायू कार्बन डायऑक्साइडच होता, उत्तर बरोबर होतं, मग गुण का कापला? सर म्हणाले, "तुला काय दिसलं? बुडबुडे दिसले. निवळी दुधाळ झालेली दिसली. तेवढंच लिहायचं. निवळी तर सल्फर डायऑक्साइडनेही दुधाळ होते. मग तुला काय दिसलं, आणि तू काय मानून घेतलंस?" मला तेव्हा ते पटलं नाही. घरी जाऊन आईला सांगितलं की सर उगाच गुण कापतात. सरांचं म्हणणं मला पुरतं कळायला वीसेक वर्षं गेली. ते कसं कळलं, तेवढंच आज सांगणार आहे.

इंजिनिअरिंग झाल्यावर मी सॉफ्टवेअरमध्ये गेले आणि रसायनशास्त्राशी संबंध संपला असं मला वाटलं. पुढे मी अशा एका कंपनीत रुजू झाले जी औषधांच्या प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. काम असं होतं की अवरक्त वर्णपटमापी नावाच्या यंत्रातून एक आलेख येतो, तो आलेख बघून पदार्थ कोणता हे संगणकाने सांगायचं. त्यासाठी आधी मला तो आलेख समजून घेणं भाग होतं.

हे यंत्र काय करतं ते आधी सांगते. १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने सूर्यप्रकाश लोलकातून नेला आणि प्रत्येक रंगात तापमापी ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सर्वांत जास्त चढला. तेच अवरक्त किरण. आपल्या सगळ्यांच्या अंगातून ते आत्ताही निघताहेत.

आता रेणूकडे या. दोन अणूंमधला बंध आपण फळ्यावर सरळ रेघेने काढायचो. प्रत्यक्षात तो ताठ काठीसारखा नसतो, स्प्रिंगसारखा असतो. अणू एकमेकांच्या जवळ येतात, लांब जातात, वाकतात, आणि हे सतत चालू असतं. प्रत्येक बंधाची थरथरण्याची गती ठरलेली असते. स्प्रिंग जेवढी ताठ तेवढी गती जास्त. टोकाचे अणू जेवढे जड तेवढी गती कमी. तानपुऱ्याची तार ताणली की स्वर चढतो आणि खर्जाची तार जाड असते, तसंच हे. रेणूवर अवरक्त किरण सोडले, की ज्या किरणांची गती बंधाच्या गतीशी जुळते तेवढे किरण तो बंध गिळतो, आणि बाकीचे पलीकडे जातात. पलीकडे काय पोचलं आणि काय गायब झालं, याचा आलेख म्हणजे त्या पदार्थाचा अवरक्त वर्णपट.

या आलेखाच्या आडव्या अक्षावर तरंगसंख्या असते, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये किती लाटा मावतात ती संख्या. डावीकडे ४०००, उजवीकडे ४००. जिथे किरण गिळले जातात तिथे रेघ खाली येते. प्रयोगशाळेत त्या खळग्याला इंग्रजीतून आलेला 'पीक' हा शब्द वापरतात. आपल्याकडे पीक म्हणजे ज्वारी आणि हरभरा, त्यामुळे मी आज सरळ दरी म्हणते.

मजा अशी की कुठल्या दऱ्या कुठे पडणार हे पुष्कळसं ठरलेलं असतं. विल्यम कोब्लेंट्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने शंभराहून जास्त पदार्थांचे वर्णपट एकेक बिंदू हाताने मोजून काढले आणि १९०५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातून दिसलं की रेणू वेगवेगळे असले तरी त्यांत अणूंचा एखादा ठरावीक गट असेल, तर दरी साधारण त्याच ठिकाणी पडते. आपण दहावीत ज्यांना क्रियात्मक गट म्हणायचो तेच हे गट. अल्कोहोलचा ओ-एच, आम्लाचा सी-ओ-ओ-एच, कीटोनचा सी=ओ.

दहावीतलाच दुसरा प्रयोग घेऊ. इथेनॉल आणि ॲसिटिक आम्ल एकत्र करून त्यात तीव्र सल्फ्युरिक आम्लाचे थेंब टाकले, गरम केलं, आणि फळासारखा गोड वास आला. एस्टर तयार झालं. आपण नाकाने ओळखलं होतं. या यंत्राने ते असं दिसतं. इथेनॉलच्या वर्णपटात ३३५० च्या आसपास मोठी, रुंद, गोलसर दरी असते. ती ओ-एच बंधाची. ती रुंद असते कारण इथेनॉलचे रेणू एकमेकांचे हात धरून असतात, प्रत्येकाची पकड थोडी वेगळी, म्हणून एकच नेमकी गती राहत नाही. ॲसिटिक आम्लात हीच दरी आणखी पसरते, ३३०० पासून पार २५०० पर्यंत, आणि १७१० च्या जवळ एक खोल, टोकदार दरी पडते. ती सी=ओची. ही दरी एकदा पाहिली की माणूस विसरत नाही; सगळ्या आलेखात तीच आधी डोळ्यात भरते. आणि एस्टरमध्ये, म्हणजे इथाइल ॲसिटेटमध्ये, ओ-एचची रुंद दरी गायब होते, सी=ओची दरी १७४० कडे सरकते आणि १२४० जवळ सी-ओ बंधाची नवी दरी दिसते. आपल्या नाकाला जे एका वासात कळलं, ते इथे तीन निरीक्षणांत लिहिता येतं.

त्याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे जे दिसत नाही ते. १८०० ते १६५० या पट्ट्यात मोठी दरी नसेल तर त्या रेणूत सी=ओ नाही, हे जवळजवळ खात्रीने सांगता येतं. दरी असली तर मात्र ती आम्लाची, एस्टरची, कीटोनची की आणखी कशाची, हे शोधायला दुसरीकडेही बघावं लागतं. 'नाही' हे पक्कं सांगता येतं, 'आहे' म्हणताना थांबावं लागतं. हे मी प्रयोगशाळेत शिकले, आणि मुलांना वाढवताना त्याचा बराच उपयोग झाला.

स्वयंपाकघरातलं एक उदाहरण देते. वनस्पती तुपात ट्रान्स फॅट असतं, म्हणून आता डॉक्टर ते खाऊ नका म्हणतात. तेलातल्या दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला दोन्ही हायड्रोजन असले तर ते नेहमीचं तेल. समोरासमोरच्या बाजूंना गेले तर ट्रान्स. अणू तेच आणि तेवढेच, फक्त मांडणी बदलली. पण मांडणी बदलली की ९६६ जवळ एक दरी उमटते, आणि तिच्या खोलीवरून ट्रान्स फॅट किती ते मोजता येतं. आपल्या देशात २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. असे नियम पाळले जातात की नाही हे तपासायच्या साधनांपैकी ही एक दरी आहे.

आता माझी फजिती. प्रयोगशाळेत माझा पहिला आठवडा होता. तिथे एक ज्येष्ठ मॅडम होत्या, निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेली. त्यांनी मला नमुना ठेवून वर्णपट काढायला सांगितला. मी काढला आणि पाहिलं तर २३५० च्या आसपास एक जोडदरी. मी पाठांतर करून गेले होते : २२६० ते २१०० मध्ये तिहेरी बंध. २३५० म्हणजे थोडं पुढे सरकलं असेल. मी उत्साहाने म्हटलं, "मॅडम, यात तिहेरी बंध आहे!" त्यांनी आलेख पाहिला, माझ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, "तो तुझा श्वास आहे. यंत्राच्या तोंडाशी वाकून बोलत होतीस ना?"

तो कार्बन डायऑक्साइड होता. हवेत सर्वांत जास्त नायट्रोजन आणि ऑक्सिजन, पण ते या यंत्राला दिसतच नाहीत. बंध थरथरताना रेणूतला विद्युतभार इकडेतिकडे सरकला तरच तो अवरक्त किरण गिळतो, आणि दोन सारख्या अणूंच्या रेणूत तसं होत नाही. कार्बन डायऑक्साइडमध्ये होतं. तो पृथ्वीची उष्णता अडवून ठेवतो तेही याच गुणामुळे. म्हणून नमुना ठेवायच्या आधी नुसत्या हवेचा वर्णपट घेऊन तो वजा करतात, आणि मधल्या वेळात यंत्राशी गप्पा मारायच्या नसतात. म्हणजे बघा, दहावीत मी न दिसलेला कार्बन डायऑक्साइड वहीत लिहिला, आणि इथे समोर दिसत होता तर ओळखला नाही. सर, त्या दिवशी मला तुमची पहिल्यांदा आठवण झाली.

माझ्या अभ्यासक्रमातला एक धडाही मला तिथे भेटला. जुन्या यंत्रात लोलक हळूहळू फिरवून एकेक तरंगसंख्या मोजायचे, एका वर्णपटाला कितीतरी मिनिटं लागायची. आताच्या यंत्रात एक सरकता आरसा असतो, मायकेलसनच्या जुन्या रचनेतला. त्यातून सगळ्या तरंगसंख्यांची माहिती एकदमच, एकमेकांत मिसळून येते. ती वेगळी करायला फुरियेचं गणित लागतं. फुरियेने ते उष्णता कशी पसरते याच्या अभ्यासासाठी मांडलं होतं, त्याचं पुस्तक १८२२ सालचं. ते झटपट करायची युक्ती कूली आणि टुकी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली, आणि संगणकाने ते क्षणात होऊ लागलं. इथले जे जे इंजिनिअर आहेत त्यांना एम-थ्रीचा पेपर आठवत असेल. तो सुटला आणि फुरिये आयुष्यातून गेला अशी आपली समजूत होती. बाकीच्यांसाठी सांगते : प्रार्थनेच्या वेळी आपण तीनशे जण एकदम गायचो, आणि तरी संगीताच्या बाई नेमक्या बेसूर गाणाऱ्यापाशी येऊन उभ्या राहायच्या. मिसळलेल्या आवाजातून एकेक स्वर वेगळा काढणं, हेच फुरियेचं काम.

आता मूळ मुद्द्यावर येते. आलेखाचा डावा भाग, १५०० च्या वरचा, क्रियात्मक गट सांगतो, म्हणजे पदार्थ कुठल्या घराण्यातला ते. १५०० च्या खाली दऱ्यांची दाटी असते. तिथे अख्खा रेणू एकत्र हलतो, आणि प्रत्येक पदार्थाची नक्षी वेगळी असते. त्या भागाला अंगठ्याच्या ठशाचा भाग म्हणतात. डोळ्यांनी तो वाचणं अवघड, म्हणून तिथे संगणक लागतो. माझं सॉफ्टवेअर हेच करायचं. दर दोन एककांना एक आकडा घेतला तर एक वर्णपट म्हणजे सुमारे अठराशे आकड्यांची यादी. नमुन्याची यादी आणि संग्रहातल्या शुद्ध पदार्थाची यादी किती जुळते, याचे शंभरपैकी गुण द्यायचे. ९५ च्या वर गेले की पडद्यावर हिरवी पट्टी आणि तिच्यावर "उत्तीर्ण". ती हिरवी पट्टी माझी कल्पना होती. ग्राहकांना फार आवडली. आमच्या चाचण्यांत तिने सगळे नमुने बरोबर ओळखले होते.

मॅडमना ती आवडली नाही. एके दिवशी त्यांनी मला एक छोटी बाटली दिली. पाण्यासारखा स्वच्छ, दाटसर द्रव. म्हणाल्या, "हे तुझ्या यंत्राला विचार." मी थेंब ठेवला. अर्ध्या मिनिटात हिरवी पट्टी : ग्लिसरिन, ९९, उत्तीर्ण. मॅडम म्हणाल्या, "ही बाटली मी काल भरली. ९५ भाग ग्लिसरिन आणि ५ भाग डायइथिलीन ग्लायकॉल."

माझ्या लक्षात आलं नाही की त्यांचा चेहरा एवढा गंभीर का आहे. मी म्हटलं, "पण बहुतेक तर ग्लिसरिनच आहे ना, आणि गुणही ९९ आहेत." त्यावर त्यांनी जे सांगितलं ते इथल्या ज्येष्ठांना वर्तमानपत्रातून आठवत असेल. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल होतं. पुढे न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. तेव्हा आपण शाळेतही जात नव्हतो. पण ही गोष्ट त्याहून जुनी आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फा औषधाचं पातळ रूप याच द्रवात बनवलं गेलं आणि शंभराहून जास्त माणसं गेली, त्यांत पुष्कळ मुलं होती. तिथे १९३८ मध्ये औषधांचा नवा कायदा आला तो त्यानंतर. आणि ही गोष्ट संपलेलीही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गांबियात सापडलेल्या मुलांच्या चार सिरपबद्दल जगाला इशारा दिला, त्यातही हेच सापडलं होतं.

दोन्ही द्रव रंगहीन, दाट आणि गोड. एक औषधात चालतो, दुसरा मूत्रपिंडं निकामी करतो. आणि दुसरा स्वस्त असतो.

वर्णपटात काय दिसतं? ग्लिसरिनमध्ये तीन कार्बन आणि तीन ओ-एच. डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये चार कार्बन, दोन ओ-एच, आणि मधे दोन कार्बनांना जोडणारा एक ऑक्सिजन. दोघांचीही ओ-एचची रुंद दरी ३३०० च्या आसपास, दोघांच्याही सी-एचच्या दऱ्या ३००० च्या जरा खाली. घराणं एकच. फरक पडतो तो त्या मधल्या ऑक्सिजनमुळे, ११२० ते ११३० च्या सुमारास. पण ग्लिसरिनची स्वतःची एक दरी शेजारीच, १११० जवळ आहे. दोन्ही द्रव शुद्ध असतील तर यंत्र त्यांना सहज वेगळं ओळखतं. पण ग्लिसरिनमध्ये दुसरा थोडासाच मिसळला तर त्याची दरी शेजारच्या मोठ्या दरीत बुडून जाते. अठराशे आकड्यांत मोजके आकडे जरासे बदलतात आणि गुण ९९ राहतात.

आणि मर्यादा पाच टक्के नाही, ०.१ टक्का आहे. म्हणजे हजारात एक भाग. अमेरिकेच्या औषधसंहितेने २००९ मध्ये ग्लिसरिनच्या ओळखीच्या चाचणीतच डायइथिलीन ग्लायकॉलची तपासणी घातली. ती करायची असते गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे आधी मिश्रणातले पदार्थ एकमेकांपासून वेगळे करून. अवरक्त वर्णपट हे काम करू शकत नाही. तो 'हे ग्लिसरिनसारखं दिसतं' एवढंच सांगतो. माझी हिरवी पट्टी मात्र सांगत होती, 'हे ग्लिसरिन आहे, पुढे जा.'

त्या रात्री मी माझ्याच चाचण्यांची यादी उघडली. दोनशेच्या वर नमुने तपासले होते, आणि सगळे शुद्ध. भेसळीचा नमुना एकही नव्हता, कारण तो घ्यायचं मला सुचलंच नव्हतं. मला हिरवी पट्टी बघायची होती आणि ती दिसेल असेच नमुने मी घेतले होते. निरीक्षणाच्या रकान्यात मी अनुमान लिहून ठेवलं होतं. फक्त या वेळी तो रकाना माझ्या वहीत नव्हता, अनेक प्रयोगशाळांच्या पडद्यावर जाणार होता.

दुसऱ्या दिवशी बैठकीत मी सांगितलं की माझी चाचणी चुकली आहे आणि हे सॉफ्टवेअर असंच बाहेर जाऊ नये. बोलताना आवाज कापत होता, कारण उशीर होणार होता आणि तो माझ्यामुळे होणार होता. वरिष्ठ म्हणाले, "कोणी पाच टक्के भेसळ शोधायला हे यंत्र घेतंय का?" मी म्हटलं, "नाही घेत. पण आपण 'उत्तीर्ण' लिहिलं तर पुढची चाचणी करायची गरज नाही असं कोणीतरी समजेल."

सहा आठवडे लागले. 'उत्तीर्ण' हा शब्द काढला. हिरवा रंग काढला. नमुन्याच्या आलेखातून शुद्ध पदार्थाचा आलेख वजा करून उरलेली रेघ दाखवायला लागलो. मॅडमच्या बाटलीसाठी ती काढली तेव्हा ११३० जवळ एक छोटीशी दरी उरलेली स्पष्ट दिसली. ती आधीही तिथेच होती, मी तिला गुणांत बुडवली होती. ग्लिसरिन आणि त्यासारख्या मोजक्या पदार्थांसाठी पडद्यावर वाक्य आलं : "शुद्धता या चाचणीने ठरत नाही, पुढील चाचणी आवश्यक." आणि एक चौकट घातली. संगणक आपलं उत्तर दाखवण्याआधी तपासणाऱ्या माणसाने तिथे लिहायचं की मुख्य दऱ्या कुठे दिसतात आणि कुठे अपेक्षित असूनही दिसत नाहीत. ते लिहिल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही. चौकटीला नाव काय द्यायचं असं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "निरीक्षण". खालच्या चौकटीला "अनुमान".

सगळ्यांना ते आवडलं असं नाही. जास्तीचे क्लिक कोणालाच नको असतात. काही प्रयोगशाळांनी ती चौकट बंद करून मागितली, आम्ही दिली नाही, आणि एक ग्राहक गेला. काही ठिकाणी माणसं तिथे आदल्या दिवशीचंच वाक्य चिकटवतात हेही मला माहीत आहे. आपणही प्रयोगवहीत गाइडमधून निरीक्षणं उतरवायचोच की. मागच्या बाकावरचे हसताहेत, त्यांना बरोबर आठवतंय. पण मॅडमनी निवृत्त होताना मला सांगितलं की त्यांच्या हाताखालची नवी मुलगी आता आधी आलेख बघते आणि मग आकडा. मला तेवढं पुरलं.

आज मी दुसऱ्या कंपनीत आहे आणि आमचे कार्यक्रम पूर्वीपेक्षा कितीतरी हुशार झाले आहेत. ते विचारल्याबरोबर उत्तर देतात, आणि फार ठामपणे देतात. म्हणजे संयोजकांनी दिलेल्या विषयावर शेवटी मी येऊन पोचलेच. त्या विषयावर माझं म्हणणं सरांच्या एका प्रश्नाएवढंच आहे. उत्तर समोर आलं की मी विचारते, यातलं दिसलं काय आणि मानून घेतलं काय?

येताना मी एक वस्तू आणली आहे. आईने माळ्यावर पत्र्याच्या पेटीत माझ्या शाळेच्या वह्या जपून ठेवल्या होत्या, त्यांत ही प्रयोगवही निघाली. पान पिवळं पडलंय, पण लाल शाई तशीच आहे : "हे दिसलं का?" सर, मी तेव्हा घरी जाऊन तुमच्याबद्दल जे बोलले ते आज परत घेते. अर्धा गुण मात्र परत मागणार नाही. तो कापलेलाच राहू दे.

जाता जाता एक विनंती. मेळाव्याच्या निधीतून शाळेला संगणक द्यायचे ठरताहेत असं ऐकलं. जरूर द्या, माझा वाटा आहेच. पण मघाशी मी आपल्या जुन्या प्रयोगशाळेत डोकावून आले. परीक्षानळ्यांच्या घडवंचीवर धूळ होती. तिथल्या मुलीने सांगितलं की बहुतेक प्रयोग ते आता पडद्यावर बघतात, निरीक्षणं फळ्यावर लिहून मिळतात. निधीतला थोडा भाग परीक्षानळ्यांसाठी, स्पिरिटच्या दिव्यांसाठी आणि चुन्याच्या निवळीसाठी ठेवू या. दहावीच्या प्रत्येक मुलामुलीने निदान एकदा ती निवळी आपल्या हाताने दुधाळ करावी, आणि वहीत फक्त तेवढंच लिहावं. कोणी जास्त लिहिलं तर अर्धा गुण कापायला सर अजून आहेत.